भाड्याने द्यायचे छोटे घर वारंवार रिकामे पडत असेल तर दोष नेमका कोठे शोधावा

एक किंवा दोन खोल्यांचे घर भाड्याने देणाऱ्या मालकांची तक्रार बहुधा दोन प्रकारांनी ऐकू येते. घर रिकामे झाले की महिनोन्‌महिने कोणी घेत नाही, ही पहिली. घेणारे पुष्कळ येतात, पण विश्वासाने चावी द्यावी असा त्यांत कोणी नसतो आणि नाइलाजाने ज्याला दिली तो वर्षाच्या आत भाडे थकवून निघून जातो, ही दुसरी. वरवर या तक्रारी वेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ पुष्कळदा एकच असते. ज्याचे उत्पन्न स्थिर आहे, जो घर जपतो आणि वेळेवर भाडे देतो, त्याला घर देण्यास अनेक मालक तयार असतात. त्यामुळे आपण त्याची पारख करण्याआधीच तो आपली पारख करून पुढे गेलेला असतो. चांगला भाडेकरू कसा ओळखावा याचा विचार आपण खूप करतो, मात्र तो कोणत्या पायरीवरून आणि कशामुळे परत फिरला याचा शोध फार थोडे मालक घेतात.

माझे स्वतःचे दोन खोल्यांचे घर पाच वर्षांत चार वेळा रिकामे झाले. प्रत्येक वेळी मी भाडे थोडे कमी केले, कारण मला तेवढा एकच उपाय ठाऊक होता. चौथा भाडेकरू घर सोडताना त्याची अनामत रक्कम पूर्ण परत दिली, आणि त्यानंतर दारात उभ्या उभ्या त्याने सांगितले की पहाटे सुरू होणाऱ्या पाण्याच्या पंपाचा आवाज झोपण्याच्या खोलीच्या भिंतीतून येतो आणि घरातल्या कोणाचीच झोप पूर्ण होत नाही. पंपाखाली रबरी पॅड बसवले, पंपाची नळी भिंतीला जेथे घट्ट आवळली होती तेथे रबरी अस्तर घातले, आणि तो आवाज जवळजवळ बंद झाला. इतकी वर्षे सोडून दिलेल्या भाड्याच्या मानाने हा खर्च नगण्य होता. त्यानंतर आलेले कुटुंब अजून तेथेच राहते. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की भाडे कमी करणे हा पहिला उपाय कधीच असू नये, तो शेवटचा असावा.

आधी नोंदी, मग निदान

घर पाहणाऱ्या माणसाचा प्रवास ठरावीक पायऱ्यांनी होतो: तो जाहिरात वाचतो, संपर्क साधतो, घर पाहायला येतो, होकार देतो, करार करतो, आणि मुदत संपल्यावर पुढेही राहायचे की नाही हे ठरवतो. प्रत्येक पायरीवर काही लोक गळतात, हे स्वाभाविक आहे. प्रश्न असतो तो सर्वाधिक लोक कोठे गळतात याचा. त्यासाठी एक वही पुरते. विचारणा करणाऱ्या प्रत्येकाची तारीख, त्याला घर कोठून कळले, त्याने काय विचारले, तो पाहायला आला का, आणि नकार दिला असल्यास कोणत्या शब्दांत दिला, एवढे लिहून ठेवावे. तीस जणांनी विचारणा केली आणि दोघेच पाहायला आले, तर दोष घरात शोधण्यात अर्थ नाही. घर तर अजून कोणी पाहिलेलेच नाही. उलट बारा जण पाहून गेले आणि एकानेही होकार दिला नाही, तर जाहिरात सुधारून काहीही साधणार नाही.

आकडे लहान असताना मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. घर ठीक आहे आणि पाहायला येणाऱ्या प्रत्येक पाच जणांपैकी एकाला ते पटण्याजोगे आहे असे धरले, तरी पहिल्या तिघांनी नकार देण्याची शक्यता ५१ टक्के असते, म्हणजे जवळजवळ नाणेफेकीइतकी. दहाही जणांनी नकार देण्याची शक्यता मात्र सुमारे ११ टक्केच उरते. म्हणून तीन नकारांनी अस्वस्थ होऊन भाडे उतरवणे चूक आहे, आणि दहा नकारांनंतरही काहीच न तपासणे त्याहून मोठी चूक आहे.

विचारणा येत नाही, किंवा भलत्यांचीच येते

येथे दोष जाहिरातीत असतो. ‘प्रशस्त, हवेशीर, सर्व सोयींनी युक्त’ अशा शब्दांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण ते प्रत्येक जाहिरातीत असतात. चांगल्या भाडेकरूला आपला वेळ मोलाचा वाटतो आणि ज्या घराविषयी त्याला नेमके कळले आहे तेच पाहायला तो बाहेर पडतो. खोल्यांची लांबी-रुंदी, मजला, लिफ्ट नसल्यास पायऱ्यांची संख्या, पाणी कोणत्या वेळी येते किंवा चोवीस तास असते का, कोणत्या खोलीत दिवसाच्या कोणत्या वेळी ऊन येते, वाहन ठेवण्याची जागा नेमकी किती आहे, मोबाइलचा सिग्नल आणि इंटरनेटची जोडणी घरात कशी मिळते, हे सगळे जाहिरातीतच लिहावे. भाडे, अनामत रक्कम आणि भाड्याव्यतिरिक्त दरमहा पडणारा खर्च स्पष्ट आकड्यांत द्यावा. ‘भाडे प्रत्यक्ष भेटीत ठरेल’ असे लिहिले की हिशेबी माणूस तेथेच थांबतो, आणि आपल्याला हवा असतो तो हिशेबी माणूसच.

घराची उणीवही जाहिरातीतच सांगावी. चौथा मजला असून लिफ्ट नसेल, स्वयंपाकघरात एकाच वेळी एकच माणूस उभा राहू शकत असेल, समोर वर्दळीचा रस्ता असेल, तर ते आधी लिहिल्याने विचारणा कमी होते हे खरे. पण कमी होतात ते लोक जे पायऱ्या चढून आल्यावर परत गेलेच असते. जे उरतात त्यांनी ती उणीव मनातल्या मनात स्वीकारलेली असते, आणि घरात पाऊल टाकताना आपल्या बाकीच्या शब्दांवरही त्यांचा विश्वास बसलेला असतो.

छायाचित्रांत बहुतेकांची एकच चूक होते. फोनच्या अतिविशाल कोनाच्या भिंगाने छोटी खोली मोठी दिसते आणि मालकाला ते आवडते, पण प्रत्यक्ष येणाऱ्याच्या डोळ्यांत तीच खोली पहिल्या क्षणी आक्रसते. नेहमीच्या भिंगाने, छातीच्या उंचीवरून, दिवसा, पडदे उघडून आणि भिंतींच्या उभ्या कडा सरळ ठेवून छायाचित्रे घ्यावीत. छोट्या घराच्या बाबतीत छायाचित्रांहून अधिक उपयोग होतो तो हाताने काढलेल्या साध्या नकाशाचा, ज्यात दारे कोणत्या बाजूला उघडतात, खिडकी कोठे आहे आणि दाराची मोकळी रुंदी किती आहे हे दाखवलेले असते. आपला पलंग, कपाट आणि धुलाई यंत्र तेथे बसेल का, हा छोट्या घराविषयीचा खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर छायाचित्रातून मिळत नाही.

विचारणा करणाऱ्या अनेकांनी तोच एक प्रश्न विचारला असेल, तर त्याचे उत्तर जाहिरातीत नाही असे समजून ते त्याच दिवशी तेथे घालावे.

संपर्कानंतर पाहायला कोणी येत नाही

हा भाग थोडक्यात संपतो. उत्तर देण्यास दोन दिवस लागले, भेटीची वेळ फक्त कामाच्या तासांतच दिली, किंवा पहिल्याच संभाषणात उलटतपासणी सुरू झाली, तर ज्याच्यापुढे इतर घरे आहेत तो माणूस पुन्हा फोन करत नाही. पहिल्या बोलण्यात आपण चारच गोष्टी विचाराव्यात: राहायला कधी यायचे आहे, किती जण राहणार आहेत, साधारण किती काळ राहण्याचा विचार आहे, आणि जाहिरातीतील भाडे व अटी मान्य आहेत का. बाकीची चौकशी भेटीनंतर करता येते.

पाहून जातात, पण होकार देत नाहीत

सर्वांत अधिक दोष येथे सापडतात, आणि ते मालकाला दिसत नाहीत. त्याचे एक कारण शारीरिक आहे: एखाद्या वासात काही मिनिटे राहिले की नाक त्याला सरावते. आपण घर उघडून, केर काढून, पाहुण्याची वाट पाहत बसलेले असतो, तेव्हा आपल्याला कसलाही वास येत नसतो. दार उघडून आत येणाऱ्याला तो पहिल्या श्वासात येतो. म्हणून घर आदल्या रात्री बंद करावे, सकाळी घराशी काही संबंध नसलेल्या परिचिताला एकट्याने आत पाठवावे, आणि बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटात काय जाणवले तेवढेच त्याला विचारावे.

रिकाम्या घरातील दुर्गंधीचे एक अतिशय साधे कारण न्हाणीघराच्या आणि मोरीच्या जाळीखाली असते. तेथील वाकड्या नळीत सुमारे पाच सेंटीमीटर पाणी कायम साचलेले असावे लागते, कारण त्या पाण्यामुळेच मलवाहिनीतील वायू घरात येत नाही. घर काही आठवडे बंद राहिले की हे पाणी वाळून जाते आणि वायूला वाट मोकळी होते. म्हणजे घर जितके अधिक दिवस रिकामे तितका वास अधिक, आणि वास जितका अधिक तितके ते आणखी रिकामे. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि शौचकूपात दर आठवड्याला पाणी ओतणे, आणि दीर्घकाळ बंद राहणार असेल तर जाळीतील पाण्यावर चमचाभर तेल सोडून बाष्पीभवन मंद करणे, एवढ्याने हे दुष्टचक्र थांबते. पाणी ओतूनही वास टिकला तर नळीला भेग आहे किंवा सांधा निखळला आहे असे समजावे आणि प्लंबरला बोलवावे.

ओल हे दुसरे मोठे कारण. बहुतेक मालक ओलीच्या डागावर रंग देतात. काही आठवड्यांत रंगाला फोड येतात, त्यामागून पांढरे क्षार बाहेर पडतात, आणि पुढचा पाहुणा फोडही पाहतो आणि लपवण्याचा प्रयत्नही पाहतो. यातली दुसरी गोष्ट त्याला परत पाठवते, कारण एक गोष्ट झाकणारा माणूस आणखी काय झाकत असेल, हा विचार कोणाच्याही मनात येतो. ओल कोठून येते ते आधी ठरवावे. पावसानंतर डाग वाढत असेल तर पाणी बाहेरून येते. कोरड्या दिवसांतही तो तसाच राहत असेल, तर घरातील सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि दोन तासांनी पुन्हा पाहावा. आकडा पुढे गेला असेल तर नळजोडणीत गळती आहे. सांडपाण्याच्या नळीतील गळती मात्र मीटरवर दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. डाग कोपऱ्यात किंवा कपाटामागे असून त्यावर काळी बुरशी असेल, तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर पाणी होऊन जमत असण्याची शक्यता मोठी असते: २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेतील बाष्प सुमारे १७ अंशांच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रूपात जमू लागते.

शंका उरल्यास एक जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. साधारण ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा डागावर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडील बाजूस जमले असेल तर ते भिंतीतून येते; खोलीकडील बाजूस जमले असेल तर हवेतून येते. पहिल्या प्रकारात बाहेरील भेगा किंवा नळी दुरुस्त करून भिंत पूर्ण वाळू द्यावी लागते, दुसऱ्यात न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातून हवा बाहेर काढणारा पंखा बसवून कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढले तरी पुष्कळ फरक पडतो. रंग दोन्ही प्रकारांत शेवटी द्यावा.

पाण्याच्या दाबाकडे पाहुणे न चुकता लक्ष देतात आणि न बोलता नळ सोडून पाहतात. टाकीतील पाण्याची पातळी नळापासून जितकी उंच तितका दाब, आणि हा हिशेब दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार इतका सरळ असतो. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरील घरात, डोक्यावरच टाकी असूनही, धार बारीक असते. दहा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्येक नळ मोजावा. बादली एका मिनिटात भरत असेल तर चिंता नाही. दोन मिनिटांहून अधिक लागत असतील तर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवावी, कारण क्षार साचून तीच अनेकदा बुजलेली असते. त्यानेही सुधारणा झाली नाही तर वाल्व पूर्ण उघडे आहेत का ते पाहावे, आणि मगच दाब वाढवणाऱ्या पंपाचा विचार करावा.

उजेडाची गोष्ट छोटी असली तरी तिचा परिणाम छोटा नसतो. एका खोलीत पिवळसर २७०० केल्विनचा दिवा आणि शेजारी निळसर ६५०० केल्विनचा, अशी सरमिसळ असली की स्वच्छ घरही कळकट दिसते. सर्व दिवे एकाच रंगाचे करावेत. वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला असावा आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबताच तो पडतो हे पाहुण्यासमोर दाखवता आले पाहिजे. न्हाणीघराच्या आत गॅसचा गिझर असेल तर तो हवेशीर जागी हलवावा, कारण अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, आणि तेथे राहणाऱ्याच्या जिवापुढे भाड्याचा प्रश्न फार लहान आहे. प्रत्येक भाडेकरूनंतर मुख्य दाराचे कुलूप बदलावे आणि बदलल्याचे सांगावे. एकट्या राहणाऱ्या माणसाला या एका वाक्याने जो दिलासा मिळतो तो नव्या रंगानेही मिळत नाही.

घर दाखवताना सलग बोलत राहू नये. एकदा फिरवून आणल्यावर दहा मिनिटे बाहेर थांबावे आणि पाहुण्यांना आपापसांत बोलू द्यावे. ते परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न पाठवावा: घर घ्यायचे नसल्यास कोणती गोष्ट अडली? अनेक जण उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांच्या उत्तराने वहीतील सर्वांत मोलाचा रकाना भरतो.

होकार येतात, पण नको त्यांचे

या पायरीवर मालक सहसा अनामत रक्कम वाढवतात, अटी कडक करतात, आणि मग अधिकच बिकट अनुभव घेतात. याचे कारण अर्थशास्त्राने फार पूर्वी उलगडले आहे. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी १९८१ साली कर्जाच्या बाजाराविषयी दाखवून दिले की व्याजदर वाढवत नेला तर परतफेडीची काळजी करणारे सावध कर्जदार आधी बाजूला होतात आणि मोठी जोखीम घेणारे उरतात. म्हणून वाढीव व्याजातूनही बँकेचे नुकसान होऊ शकते. घरभाड्यातही हेच घडते. ज्याला दरमहा भाडे खरोखर द्यायचे आहे तो प्रत्येक आकडा तपासतो, घासाघीस करतो, आणि परवडत नसेल तर निघून जातो. बाजारभावाहून बरेच अधिक भाडे एकही प्रश्न न विचारता मान्य करणाऱ्याविषयी मात्र अधिक चौकशी करावी, कारण त्याला इतरत्र नकार मिळालेला असू शकतो किंवा तो आकडा देण्याचा त्याचा विचारच नसू शकतो. घासाघीस करणारा माणूस त्रासदायक वाटतो, पण माझ्या अनुभवात भाडे थकवणाऱ्यांपैकी कोणीही घासाघीस केली नव्हती.

उत्पन्नाची चौकशी करताना भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत असावे असा दंडक नेहमी सांगितला जातो. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांच्या भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के करण्यात आली. पुढे हाच आकडा खाजगी घरांच्या चर्चेतही रूढ झाला. तो उपयोगी असला तरी पुरेसा नाही. कर्जाचे मोठे हप्ते फेडणाऱ्या चांगल्या पगारदारापेक्षा बेताचे पण नियमित उत्पन्न असलेला, कोणाचे देणे नसलेला माणूस अधिक निर्धास्तपणे भाडे देतो. म्हणून उत्पन्नाबरोबर ठरलेले मासिक खर्चही विचारावेत.

आधीच्या मालकाकडे चौकशी करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सध्याच्या मालकाला तो भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो त्याची भरभरून स्तुती करेल, आणि हवाहवासा असेल तर कदाचित फारसे बोलणारच नाही. त्याआधीच्या मालकाला असा कोणताही स्वार्थ नसतो, म्हणून त्याला विचारावे, आणि ‘माणूस कसा आहे’ असे न विचारता भाडे किती वेळा उशिरा आले, घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी दिली, अनामत रकमेतून काय कापावे लागले, असे ज्यांचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते ते प्रश्न विचारावेत.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अनेक मालक धर्म, भाषा, लग्न झालेले आहे की नाही, स्त्री एकटी राहणार आहे का, यांवरून पहिल्याच क्षणी नकार देतात आणि त्याला सावधगिरी समजतात. यांतील एकाही गोष्टीवरून भाडे वेळेवर येईल का किंवा घर जपले जाईल का हे कळत नाही. कळते ते आधीच्या वर्तनावरून आणि आर्थिक स्थितीवरून. अनेक देशांच्या कायद्यांनी असा भेदभाव निषिद्ध ठरवला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांना आधीच अनेक दारे बंद झालेली असतात त्यांच्यात उत्तम भाडेकरू मोठ्या संख्येने असतात, आणि न्याय्य वागणूक मिळाली की ते वर्षानुवर्षे राहतात. निकष लिहून ठेवावेत, सर्वांना तेच लावावेत, आणि जो ते आधी पूर्ण करेल त्याला घर द्यावे.

भाडेकरू चांगला होता, पण वर्षभरात गेला

ही गळती सर्वांत महाग पडते, आणि हिशेब मांडला नाही तर ती जाणवत नाही. भाडेकरू दरवर्षी बदलतो आणि प्रत्येक बदलात घर एक महिना रिकामे राहते असे धरले, तर सहा वर्षांत सहा महिन्यांचे भाडे बुडते. तोच भाडेकरू तीन वर्षे राहिला तर दोन महिन्यांचे बुडते. फरक चार महिन्यांचा, म्हणजे ७२ महिन्यांच्या भाड्याच्या सुमारे साडेपाच टक्क्यांचा, आणि त्यात रंगकाम, सफाई व जाहिरातीचा खर्च धरलेला नाही. चांगल्या भाडेकरूचे भाडे बाजारापेक्षा पाच टक्क्यांनी कमी ठेवले तरी त्यात प्रत्यक्ष तोटा होत नाही.

चांगली माणसे जाण्याचे मुख्य कारण माझ्या पाहण्यात भाडेवाढ नसून रेंगाळलेली दुरुस्ती आहे. गळका नळ महिनाभर गळत राहिला, की भाडेकरूला आपण येथे गृहीत धरले जात आहोत असे वाटू लागते, आणि तो नवे घर शोधू लागतो ते पुढच्या भाडेवाढीच्या कितीतरी आधी. कोणती दुरुस्ती किती वेळात होईल हे करारातच लिहावे: पाणी, वीज, कुलूप आणि गॅस यांची दखल त्याच दिवशी; गळती आणि सांडपाणी दोन दिवसांत, कारण ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरू लागते; बाकीचे दोन आठवड्यांत. वेळ पाळता येणार नसेल तर तसे कळवावे. कळवलेला उशीर लोक समजून घेतात.

न सांगता घरी जाणे हे दुसरे कारण. घर आपल्या मालकीचे असले तरी करार चालू असताना ते भाडेकरूचे राहते घर असते, म्हणून निदान एक दिवस आधी विचारूनच जावे. तिसरे कारण अनामत रकमेभोवतीचा संशय. ताबा देताना प्रत्येक भिंत, फरशी, नळ आणि दार यांची तारखेसह छायाचित्रे दोघांनी मिळून काढावीत, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहावेत, आणि दोघांनीही सही करावी. भिंतीवरील रंग कालांतराने उडणे ही वाजवी झीज आहे, तर दाराला पडलेले भोक हे नुकसान आहे. हा भेद करारात उदाहरणांसह लिहिला तर जाताना वाद होत नाही. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी पुढच्या वर्षाविषयी बोलावे, आणि भाडे वाढवायचे असल्यास आकडा त्याच वेळी सांगावा.

तरीही कोणी गेलेच, तर त्याला कारण विचारावे, मात्र अनामत रक्कम पूर्ण हाती दिल्यानंतरच. त्याआधी कोणताही शहाणा माणूस ‘सगळे छान होते’ असेच म्हणतो.

सगळे तपासूनही घर रिकामेच असेल

मग प्रश्न भाड्याचा आहे असे मानायला हरकत नाही. येथेही हिशेब उपयोगी पडतो. बाजारापेक्षा पाच टक्के अधिक भाडे मागितले आणि त्यापायी घर वर्षातून १७ दिवसांहून अधिक काळ जास्त रिकामे राहिले, तर वाढीव भाड्यातून मिळणारे सगळे त्यातच जाते. परिसरातील तशाच घरांची केवळ जाहिरातीतील भाडी पाहू नयेत, कारण ती मागितलेली असतात, मिळालेली नसतात. नुकतीच भरलेली घरे किती भाड्याने गेली हे विचारून घ्यावे. दर आठवड्याला थोडे थोडे भाडे उतरवले की लक्ष ठेवून असलेले लोक आणखी उतरण्याची वाट पाहतात, म्हणून उतरवायचे ते एकदाच आणि स्पष्ट जाणवेल इतके. नवे भाडे ठरले की जुना आकडा असलेला प्रत्येक मजकूर त्याच दिवशी काढून टाकावा, कारण एकाच घरासाठी दोन ठिकाणी दोन आकडे दिसले, तर ज्या माणसाची आपण वाट पाहत आहोत तोच सर्वांत आधी फोन करण्याचे टाळतो.